नराची पांढरी मान

माळढोकाचा फोटो काढणं अवघड, ते त्याच्या मानेपायी. नराची मान पांढरीशुभ्र, पाठ मातकट तपकिरी, डोक्यावर काळी टोपी. स्लाइडची फिल्म अशा पक्ष्याला फारशी सवलत देत नसे. उजेड थोडा जास्त झाला की मानेवर नुसता पांढरा डाग उरायचा. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना सावरून घेता येतं. स्लाइडमध्ये जे उमटलं ते उमटलं. माझे वडील, आमचे अण्णा, सोलापुरातल्या एका गिरणीत हिशेब लिहायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या बार्शी एसटीनं नान्नजला जायचे, ते ती मान पिसांसकट यावी म्हणून.

आपल्याकडच्या वन्यजीव छायाचित्रणाची गोष्ट सहसा वाघापासून सुरू होते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं वाटेवर तार लावून, वाघाचा पाय पडताच फ्लॅश उडेल अशी योजना केली. त्या फोटोंचं पुस्तक १९२७ साली निघालं. पुढे मद्रासचे एम. कृष्णन, बंगळूरचे टी. एन. ए. पेरुमल. जंगलाला अशी माणसं मिळाली. माळाला कोण विचारणार? दप्तरात तो पडीक. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी १९७२ साली नान्नजचा माळढोक लोकांच्या नजरेस आणला, तिथून चित्र पालटलं. दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात काही कुरणं राखली गेली, चराई थांबली, गवत उभं राहिलं आणि पक्ष्याला आडोसा मिळाला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. अण्णांसारख्या हौशी माणसांची पिढी याच काळात तयार झाली. मला विचाराल तर या जिल्ह्याच्या इतिहासात त्यांची नोंद गिरण्यांच्या शेजारी व्हायला हवी.

त्यांच्या कामातला मोठा भाग बसून राहण्याचा होता. वनखात्याची परवानगी काढायची, माळावर रंग उडालेल्या कापडाचं लपण उभारायचं आणि बरेच दिवस ते तसंच सोडायचं, म्हणजे पाखरांना त्याची सवय होते. मग अंधार असतानाच आम्ही दोघं आत शिरायचो आणि थोड्या वेळानं मी एकटीच बाहेर पडून दूर निघून जायची. चंडोल आणि धाविक यांना आत किती माणसं गेली हे मोजता येत नाही; एक परत गेलेलं दिसलं की ती निर्धास्त होतात. जाताना मागे वळून बघायचं नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद. माळढोकाच्या अंड्याकडे मात्र ते कधी फिरकले नाहीत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ती उठली आणि कावळ्यानं पाहिलं, की सारा हंगाम गेला. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून घुमायला लागला, की अण्णा लांबूनच चारशेच्या लेन्समधून जेवढा मिळेल तेवढा घ्यायचे. रोलमध्ये छत्तीस फ्रेम. पिशवी पूर्ण लोंबेपर्यंत बोट दाबायचं नाही.

घरी दुसरी लढाई बुरशीशी. पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. म्हणून पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या असायच्या. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले, की आई ते एका जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायची. निळे झाले की परत डब्यात. त्या तव्यावर भाकरी टाकायला घरात कुणालाच परवानगी नव्हती.

स्लाइडच्या माउंटवर अण्णा बारीक अक्षरात तारीख, वेळ, गाव, वारा आणि पक्षी काय करतोय ते लिहायचे. नुसता सुंदर फोटो त्यांना पुरत नसे. ‘हा कुठला, कधीचा, हे सांगता येत नसेल तर तो कॅलेंडरला द्या,’ असं ते हौशी पोरांना सांगायचे.

आता ते नाहीत आणि मी त्या स्लाइड एकेक करून स्कॅन करतेय. सुरुवातीला मीही फक्त पक्षी बघत होते. आता मागचा माळ बघते. क्षितिजापर्यंत गवत, एकही विजेची तार नाही, ऊस नाही. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि त्याचं अंग जड, त्यामुळे तारा त्याच्या जिवावर उठतात. आज देशभरात तो दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या अभयारण्याची हद्दही ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आली. कुठल्या बाजूच्या माळावर किती गवत होतं, नर कुठे घुमायचे, हे उद्या कुणाला शोधायचं झालं तर अण्णांच्या माउंटवर ते तारखेनिशी लिहिलेलं आहे. स्कॅनच्या फाइलींना मी तीच नावं देतेय, त्यांनी ठेवलेल्या क्रमानं. १९८३ पर्यंत पोचलेय.