रोइंग क्लबमध्ये कुणाचा गट कोणता? वय, अनुभव आणि अपंगत्वानुसार अशी होते विभागणी

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचे. रोइंगचं वल्हं हातात आलं ते २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर, म्हणजे विशी ओलांडल्यानंतर. चारच वर्षांनी त्यांनी रिओ ऑलिंपिक गाठलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण जिंकलं. त्यामुळे 'आता वय गेलं' हे या खेळात लगेच म्हणता येत नाही. क्लबमध्ये गट पाडतात ते याचसाठी.

रोइंगची नौका म्हणजे धरणातली मासेमारीची होडी नव्हे. एकट्याच्या शर्यतीच्या नौकेचं किमान वजन फक्त १४ किलो. ती इतकी अरुंद असते की नवखा माणूस बसताच उलटू शकते. म्हणून नवशिक्यांना, मग ते १४ वर्षांचे असोत की ४० चे, आधी जमिनीवरच्या मशीनवर आणि नंतर रुंद, स्थिर नौकेत बसवतात. वय काहीही असो, 'नवशिके' हा गट वेगळाच. लहान मुलांच्या हाती बहुधा दोन वल्ही देतात, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंवर सारखा ताण येतो.

स्पर्धेत मात्र वय काटेकोर बघतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ज्या वर्षी १८ पूर्ण होतात, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडू ज्युनियर. पुढे २३ वर्षांखालील, मग खुला गट. हलक्या वजनाचाही गट आहे, पण ऑलिंपिकमध्ये तो पॅरिस २०२४ ला शेवटचा दिसला.

२७ वर्षांपासून 'मास्टर्स' सुरू होतो. इथला हिशेब मजेशीर आहे. नौकेतल्या वल्हं मारणाऱ्यांच्या वयाची सरासरी काढतात. ४५, ५०, ५५ आणि ६२ वर्षांचे चौघे असतील तर सरासरी ५३, म्हणून ते पन्नाशीच्या गटात. ८० च्या पुढच्यांसाठीही गट आहे! अंतर खुल्या गटात २००० मीटर, मास्टर्सना १०००.

अपंग खेळाडूंचे तीन वर्ग असतात. शरीराचा कोणता भाग वल्ह्याला जोर देऊ शकतो, यावर वर्ग ठरतो. पीआर-१ मध्ये फक्त हात आणि खांदे, पीआर-२ मध्ये कंबरेवरचा भागही, तर पीआर-३ मध्ये पायांचाही थोडाफार जोर. पहिल्या दोन वर्गांत सीट पक्की बसवलेली असते आणि पीआर-१ च्या नौकेला आधारासाठी बाजूला तरंगे लावतात. दृष्टिहीन खेळाडू पीआर-३ मध्ये येतात. तसंही रोइंगमध्ये वल्हं मारणारे पाठमोरे बसतात. चौघांच्या पॅरा नौकेत पुढचं बघून दिशा देणारा 'कॉक्स' वेगळा असतो. सैन्यात असताना स्फोटात पाय गमावलेले नारायण कोंगनपल्ले यांनी अनितासोबत हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य मिळवलं, ते याच पीआर-३ मध्ये.

मुलाला क्लबमध्ये घालायचं असेल तर गटाआधी एक गोष्ट विचारा: पोहण्याची चाचणी घेता का? कपड्यांसकट पाण्यात उतरून, उलटलेल्या नौकेला धरून राहायला शिकवल्याशिवाय जो क्लब मुलांना पाण्यात सोडतो, तिथे पाठवू नका. लाइफ जॅकेट आणि सोबत चालणारी मोटरबोट आहे का, तेही डोळ्यांनी बघून या.