चुना, सुरखी आणि गाणे

एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी राखलेली जागा. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, कोलकात्यात नव्या फोर्ट विल्यमचे काम सुरू झाले आणि त्यापुढील मैदानाच्या काठाला हे नाव चिकटले. या नगराला लागणारा चुना पुष्कळसा सिल्हेटहून नद्यांच्या वाटेने येई. त्या व्यापारावर तेथील इंग्रज कलेक्टर रॉबर्ट लिंडसे गबर झाला. चुना विकणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. तो मळणाऱ्या, थापणाऱ्या हातांची नावे त्याने टिपून ठेवली नाहीत.

त्या हातांचा माग काढावयाचा तर गाण्याकडे वळावे लागते. बंगालमध्ये सपाट छपरावर विटांचे तुकडे, सुरखी आणि चुना यांचा थर घालून तो दिवसचे दिवस लाकडी थापींनी बडवीत. आपल्याकडच्या कोब्याचाच हा भाऊबंद. बंगालीत त्याला ‘जलछाद’ म्हणतात. एक जण चरण उचली, बाकीचे तो झेलीत, आणि थापी तालावर पडे. ‘छाद पेटानोर गान’ या नावाने हा प्रकार बंगाली लोकसाहित्यात ओळखला जातो. वाचकाला त्यातील शृंगार आणि थट्टाच प्रथम जाणवते; पण ते गाणे ही एक पाठशाळाही होती. थापीचा जोर आणि ठेका नवशिक्याच्या अंगी त्यातूनच मुरे. सिमेंट आले, बडवणे थांबले, गाणे संग्रहांत गेले.

एस्प्लनेडच्या तोंडाशीच टिपू सुलतानाचे पुत्र गुलाम मोहम्मद यांनी १८४२ साली बांधलेली मशीद आहे. थकलेला तनखा मिळाल्याबद्दलची कृतज्ञता तिच्या शिलालेखात नोंदलेली आहे. परमेश्वर आणि कंपनीचे संचालक तेथे एकाच वाक्यात नांदतात! १९८० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामाने तिची हानी झाली. मशिदीच्या रक्षणासाठी समिती स्थापन झाली आणि दुखावलेला भाग पाडून पुन्हा बांधण्यात आला.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या संस्थेने २००४ च्या आपल्या सनदेत राजमिस्त्री आणि स्थपती यांच्या ज्ञानाला मान्यता दिली. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या कामात तर निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना उझबेक कारागिरांकडून कौलांची कला शिकविण्यात आली. परंतु वास्तूपाशी रोज वावरणाऱ्यांना लागते ती विद्या याहून साधी आहे. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की आतली ओल कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यापूर्वी गच्चीची पन्हळ मोकळी करावी लागते. आणि कंगोऱ्यात रुजलेला पिंपळ नुसता वरून छाटला तर तो पुन्हा फुटतो. मूळ काढून ती भेग चुन्यानेच भरावी लागते.