बिदरी कामाची काळी माती

जस्ताच्या भांड्यास काळा रंग कोठून येतो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या मंडळींच्या संग्रहांतील बिदरी हुक्क्यांचें कूळ ठरवितांना तो टाळतां येत नाहीं. उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते. त्यामुळें आजच्या लातूर-नांदेडकडील जुन्या घरांतून अशीं भांडीं निघतात, आणि रंग काळा दिसला कीं ‘बिदरच्या किल्ल्याची माती’ एवढें बोलून निर्णय दिला जातो. हा निर्णय मला मान्य नाहीं.

प्रथम कृति पाहूं. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, कानशीनें घासतात व मोरचुदाचें पाणी लावून तात्पुरतें काळें करतात. त्यायोगें कोरीव रेघ उठून दिसते. खांचांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसविल्यावर भांडें पुन्हां घासतात. शेवटीं किंचित् तापविलेल्या भांड्यावर किल्ल्यांतील माती, नवसागर व पाणी यांचा लेप चोळतात. जस्त काळें ठिक्कर पडतें, चांदी मात्र जशीच्या तशी राहते. मग धुवून तेलाचा हात फिरवावयाचा.

माती निवडण्याची कारागिरांची परीक्षा जिभेची. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेंतील माती घ्यावी, असा त्यांचा दंडक. यांत गूढ कांहीं नाहीं : सोरा पाण्यांत विरतो व पावसानें धुपून जातो, आडोशास तो मातींत सांचून राहतो आणि जिभेस लागतो. नवसागर तर रसशास्त्रास पूर्वींपासून ठाऊक आहे. रसरत्नसमुच्चयांत तो ‘नवसार’ वा ‘चूलिकालवण’ या नांवांनीं साधारण रसांत गणिला असून विटा भाजतांना त्याची उत्पत्ति होते असें सांगितलें आहे.

आतां मुख्य पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. बेंजामिन हाइन यानें बिदरी कामाची कृति लिहून ठेविली. तींत जुन्या, दाट वस्तीच्या गांवांतील मातीच्या भिंतींच्या बुडाशीं मिळणारी सोऱ्याची माती सांगितली आहे. बुकॅनन यानें १८०९-१० सालीं बिहारांतील पूर्णियाची पाहणी केली. तेथेंही हें काम चालत असून काळेपणासाठीं सोरा व नवसागरच वापरीत. लखनौ व मुर्शिदाबाद हींही या कामाचीं ठिकाणें होतीं. या सर्वांस बिदरहून माती जात होती असें मानणें म्हणजे श्रद्धेस इतिहास म्हणणें होय. किल्ल्याची माती उत्तम, हें कारागिरांचें म्हणणें खरें असेल. ती एकमेव, हें मात्र नव्हे. सबब केवळ काळेपणावरून सूचींत ‘बिदर’ असें लिहूं नये. घडण, नक्षी व लेख यांचा विचार आधीं करावा.

मातीइतकाच वांटा धातूचाही आहे. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ला नीस व मार्टिन यांच्या तपासणीनें मिश्रणांतील तांब्याचें महत्त्व दाखविलें. नुसतें जस्त असें काळें होत नाहीं. आजकाल ॲल्युमिनिअमवर विजेनें सच्छिद्र थर चढवून त्यांत काळा रंग मुरवितात. तेथें रंग बाहेरून येतो, येथें तो धातूंतूनच उपजतो. आणि तो अगदीं पातळ असतो.

उदगीरकडील एका घरीं असा एक हुक्का चिंचेनें घासघासून पांढरा केलेला मीं पाहिला. ‘लख्ख निघाला,’ म्हणून यजमान संतुष्ट होते. चांदीची वेल आतां शोधूनच काढावी लागे. मीं भांडें उपडें करून पाहिलें. तळाच्या कडेखालीं बोटभर काळा थर तेवढा शिल्लक होता.