यवतमाळचा ‘माळ’
यवतमाळमधला ‘माळ’ माळरानाचा, असे कोणासही वाटावे. पण जाणकार तो ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश मानतात; आणि महाल म्हणजे येथे राजवाडा नव्हे, साऱ्याच्या हिशेबासाठी पाडलेला मुलूख! ‘ऐन-ए-अकबरी’त शेजारच्या लोहाऱ्यासह ‘योत-लोहारा’ अशी नोंद आहे. जमीन कसणारा कुणबी कोण, हे त्या दप्तराला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती रक्कम. १९०५ साली इंग्रजांनी वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव दिले, तेही दप्तरातच. माझ्या मते शेतकऱ्याच्या गरजेने इतिहासात खरे पाऊल टाकले ते १० जुलै १९३० रोजी, पुसदला. गुरांच्या चाऱ्यावरही जंगल कायद्याचा पहारा होता. वणीच्या बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि अटक पत्करली.