चौथऱ्यावरून उतरलेला रणगाडा

आमच्या धनजकडे जुन्या ट्रॅक्टरला कुणी मेला म्हणत नाही. दोन-दोन वर्षं गोठ्यामागे उभा असतो, मग कुणीतरी नवी बॅटरी लावतं, डिझेलच्या नळीतली हवा काढतं, आणि धूर ओकत गडी चालू! पण चौकातल्या चौथऱ्यावरचा रणगाडा असा चालू झाला तर? २०१४ साली पूर्व युक्रेनमध्ये नेमकं हेच झालं.

कोस्त्यांतिनिव्का या गावात दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक म्हणून 'आयएस-३' हा सोव्हिएत जड रणगाडा ठेवला होता. (आयएस म्हणजे इओसिफ स्तालिन.) जूनमध्ये रशियाच्या बाजूच्या बंडखोरांनी त्याचं इंजिन चालू केलं आणि तो चक्क चालवत नेला. पुढे युक्रेनी सैन्याने तो पकडला आणि त्याची रवानगी कीवच्या संग्रहालयात झाली.

यात जादू काही नाही. त्याचं १२ सिलिंडरचं डिझेल इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं टी-५५ मध्ये होती आणि टी-७२, टी-९० मध्येही आहेत. म्हणजे जाणकार मिस्त्री आणि डिझेल, दोन्ही हाताशी.

आता ओळखायचा कसा? बातम्यांमध्ये प्रत्येक जुना रणगाडा सरसकट एकाच नावाने खपवतात. तेव्हा चाकं मोजा. टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्यात जास्त फट. आयएस-३ ला सहा लहान चाकं, आणि वर पट्टा पेलणाऱ्या तीन फिरक्या. शिवाय पुढचं नाक होडीसारखं टोकदार आणि टरेट पालथ्या कढईसारखा. वजन ४६ टन, तोफ १२२ मिलिमीटरची. ७ सप्टेंबर १९४५ ला बर्लिनच्या संचलनात हा प्रथम सगळ्यांसमोर आला, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या सेनानींना घाम फुटला म्हणतात.

पण १९६७ मध्ये सिनाईच्या वाळवंटात इजिप्तचे हेच रणगाडे हरले. गोळा वेगळा, दारू वेगळी, त्यामुळे मिनिटाला जेमतेम दोन-तीन फैरी. आत गोळे फक्त २८. उन्हात इंजिन तापायचं ते वेगळंच. इस्राएलने पकडलेल्यांपैकी काही जमिनीत पुरून तोफेच्या चौक्या केल्या.

मग जुना रणगाडा निकामीच का? थांबा. आपल्या अहिल्यानगरला (२०२४ पर्यंतचं अहमदनगर) चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन जपून ठेवला आहे. सेंच्युरियनचा जन्मही १९४५ चाच! १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून पॅटनशी लढले. रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ चालते आहे म्हणून ते मागे आले नाहीत. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

दोन्ही रणगाडे एका वयाचे. फरक होता तो गोळा भरण्याच्या सोयीचा, सरावाचा आणि आतल्या माणसांचा.

म्हणूनच मार्च २०२३ मध्ये रशियाने टी-५४ आणि टी-५५ गोदामांतून काढून रेल्वेवर चढवले, तेव्हा जगभर उडालेली थट्टा मला रुचली नाही. काहींमध्ये स्फोटकं भरून, माणसाशिवाय शत्रूकडे सोडले, हे खरं. पण बाकीच्यांत कुणाची तरी पोरं बसलीच ना? साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पोलाद, आणि वरून ड्रोन.

लोखंड पुन्हा वापरता येतं हो, माणूस नाही. असो. पुढच्या वेळी एखाद्या चौकात रणगाड्यावर मुलांना बसवून फोटो काढाल, तेव्हा आधी चाकं मोजायला शिकवा. आणि मग आत किती माणसं बसायची, तेही सांगा.. आयएस-३ मध्ये चार, सेंच्युरियनमध्येही चारच.