ईदीतला ब्रिक गेम

१९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी टेट्रिस बनवला. १९८९ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत गेम बॉयसोबत तो दिला आणि हा खेळ लोकांच्या खिशात गेला. राधानगरीत आमच्या घरी आली ती त्याची स्वस्त नक्कल, ब्रिक गेम. भाईजान आणि मी ईदी जमवून तो घेतला. खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं. प्रत्यक्षात ठोकळे, साप, गाडी, रणगाडा हेच, वेग बदलून पुन्हा पुन्हा. तरी पावसाळ्यात वीज गेली की न खेळलेला एखादा सापडेल म्हणून आम्ही खिडकीशी बसून आकडे पुढे ढकलायचो. मग भाईजान पोटासाठी सौदीला गेला. सेल घातले की यंत्र आजही चालतं. ठोकळे मी एकटा खेळतो. पुढचे आकडे मात्र उघडलेले नाहीत. इतिहासात गेम बॉयची नोंद आहेच, पण आमच्यासारख्या घरांत पोहोचली ती नक्कलच. तिचीही नोंद असावी.