योनेझावा: कुणालाही कामावरून न काढणारं संस्थान



जपानचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सामुराई येतात, मग हिरोशिमा, आणि मग एकदम टोयोटा आणि सोनी. मधला मोठा काळ कोराच राहतो. मी कामानिमित्त बरीच वर्षं तोक्योत आहे, आणि इथल्या जुन्या संस्थानांबद्दल वाचायचा मला नाद लागला आहे. त्यातल्या एका संस्थानाची गोष्ट आज सांगणार आहे, कारण ती आपल्यासारख्या नोकरदार माणसांना जरा जास्तच जवळची वाटेल. प्रश्न साधा आहे: उत्पन्न घटलं, कर्ज वाढलं, तर माणसं कमी करायची की नाही? आणि नाही केली, तर त्याची किंमत कोण मोजतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १६०३ ते १८६८ या काळात जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. त्यांच्या हाताखाली सुमारे अडीचशेच्या वर संस्थानं होती, त्यांना 'हान' म्हणतात आणि संस्थानिकाला 'दाइम्यो'. संस्थानाची ऐपत पैशात नाही, तांदळात मोजायची. माप 'कोकु'. एक कोकु म्हणजे साधारण १५० किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. सामुराईंचा पगारही तांदळातच. म्हणजे अमुक लाख कोकुचं संस्थान म्हटलं की आजच्या भाषेत ती त्या कंपनीची उलाढाल समजा.

आपलं संस्थान आहे योनेझावा, उत्तर जपानात, आजच्या यामागाता प्रांतात. चारी बाजूंनी डोंगर, मधे सपाट खोरं, आणि हिवाळ्यात माणसाच्या उंचीचं बर्फ. इथलं राजघराणं उएसुगी. या घराण्याचं मोठं नाव म्हणजे उएसुगी केन्शिन (१५३० ते १५७८), एचिगो प्रांताचा लढवय्या. १५७८ मध्ये तो अचानक वारला. पोटचा मुलगा नव्हता, त्यामुळे दोन दत्तक मुलांत भाऊबंदकी पेटली. त्यात जिंकला कागेकात्सु, केन्शिनच्या बहिणीचा मुलगा. पुढे तो तोयोतोमी हिदेयोशीच्या मर्जीतला झाला आणि १५९८ मध्ये त्याला आइझूचा मुलूख मिळाला, १२ लाख कोकुचा. देशातल्या सगळ्यात मोठ्या जहागिरींपैकी ही एक.

हे वैभव जेमतेम तीन वर्षं टिकलं. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईने सगळं पारडं फिरवलं. कागेकात्सु तोकुगावा इएयासूच्या विरुद्ध बाजूला होता. १६०१ मध्ये इएयासूने त्याला जिवंत ठेवलं, पण आइझू काढून घेतलं आणि ३० लाख नव्हे, ३ लाख कोकुचं योनेझावा हातावर ठेवलं. बारावरून तीन. म्हणजे उत्पन्न एका फटक्यात चौथाई.

आता खरी गोष्ट सुरू होते. अशा वेळी दाइम्यो काय करत? पदरचे सामुराई कमी करत. त्या काळात असे हजारो बेकार सामुराई, म्हणजे 'रोनिन', देशभर वणवण फिरत होते. कागेकात्सु आणि त्याचा कारभारी नाओए कानेत्सुगु यांनी मात्र ठरवलं की जे आपल्याबरोबर येतील त्यांना घालवायचं नाही. सुमारे सहा हजार घराणी त्या लहानशा खोऱ्यात येऊन थडकली. गावात जागाच नव्हती. कानेत्सुगुने खालच्या दर्जाच्या सामुराईंना गावाबाहेरच्या माळरानावर वसवलं आणि सांगितलं, जमीन फोडा, पिकवा आणि खा. नदीच्या पुराला आवरायला त्याने दगडी बांध घातला. तो बांध आजही तिथे आहे. २००९ साली इथल्या सार्वजनिक वाहिनीने या कानेत्सुगुवर वर्षभराची मालिका केली होती, तेव्हा तर तो घराघरांत पोचला.

ऐकायला किती छान वाटतं, नाही का? मालक असावा तर असा! पण जमाखर्चाची वही काही भावना जाणत नाही. माणसं १२ लाखांच्या राज्याची आणि उत्पन्न ३ लाखांचं. त्यात १६६४ साली आणखी घाव बसला. योनेझावाचा तिसरा तरुण दाइम्यो त्सुनाकात्सु वारस न नेमताच वारला. नियमाप्रमाणे संस्थान खालसा व्हायचं. त्याचा सासरा होशिना मासायुकी हा शोगुनच्या घराण्यातला वजनदार माणूस. त्याने मध्यस्थी केली, मृताच्या बहिणीचा तान्हा मुलगा दत्तक घेतला आणि घराणं वाचलं. शिक्षा म्हणून संस्थान अर्धं कापलं. उरले दीड लाख कोकु. म्हणजे मूळच्या एक-अष्टमांश. सामुराई मात्र जवळपास तेवढेच!

(४७ रोनिनांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी: तो तान्हा मुलगा त्सुनानोरी म्हणजे किरा योशिनाकाचा मुलगा. हाच किरा, ज्याचं डोकं त्या रोनिनांनी १७०३ च्या जानेवारीत उडवलं. त्याआधी या बापाचे खर्च भागवायलाही योनेझावाची तिजोरी उपसली जात होती.)

मग हे सगळं चाललं कशावर? दोन गोष्टींवर. एक, व्यापाऱ्यांचं कर्ज. दोन, शेतकऱ्याच्या पाठीवर. सारा वाढत गेला, गावं ओस पडू लागली, लोकसंख्या घटत गेली, गरीब घरांत नको असलेलं मूल जन्मताच संपवण्याची भीषण चाल रुजली. दाइम्योला आलटूनपालटून एक वर्ष एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, राहायची सक्ती होती, तिथला थाट वेगळाच. सामुराईंचा अर्धा पगार संस्थान 'उसना' घेऊ लागलं, आणि ही उसनवारी परत करायची नसते हे सगळ्यांना कळत होतं. १७६० च्या दशकात आठवा दाइम्यो शिगेसादा इतका हताश झाला की संस्थान शोगुनला परत करून टाकावं असा विचार त्याने गंभीरपणे केला.

म्हणून मी म्हणतो, १६०१ चा तो उदार निर्णय फुकट नव्हता. कागेकात्सुने शब्द दिला सामुराईंना, आणि दीडशे वर्षं तो पाळला शेतकऱ्यांनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अशा अवस्थेत १७६७ साली गादीवर आला उएसुगी हारुनोरी. उतारवयात त्याने 'योझान' हे नाव घेतलं आणि जपान त्याला त्याच नावाने ओळखतो. जन्म १७५१ चा, दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या ताकानाबे या जेमतेम २७ हजार कोकुच्या संस्थानातला धाकटा मुलगा. लहानपणी दत्तक आलेला. गादीवर आला तेव्हा वय सोळा. लग्न शिगेसादाच्या मुलीशी, युकीहिमेशी. तिची वाढ जन्मापासून खुंटलेली होती. तिच्याशी तो शेवटपर्यंत मायेने वागला असं सांगतात. १७८२ मध्ये ती तिशीत वारली.

योझान म्हटलं की इथली व्यवस्थापनाची पुस्तकं एकच सूर आळवतात: काटकसर. ते खोटं नाही. दाइम्योचा एदोतला वर्षाचा खासगी खर्च १५०० सुवर्णनाण्यांचा (नाण्याचं नाव ऱ्यो) होता, तो त्याने २०९ वर आणला. पन्नास दासी होत्या, नऊ ठेवल्या. जेवणात एक सार आणि एक भाजी, अंगावर सुती कपडे. छानच. पण जरा हिशोब करू या, आपण बहुतेक जण आकडेमोडीचेच लोक आहोत. वर्षाला वाचले साधारण १३०० ऱ्यो. कर्जाचा आकडा सांगितला जातो तो दोन लाख ऱ्योंचा. व्याज शून्य धरलं तरी फिटायला दीडशे वर्षं लागली असती! तेव्हा काटकसरीने कर्ज फिटलं नाही. काटकसरीने एवढंच झालं की पुढचं जे मागायचं होतं ते मागायचा त्याला नैतिक हक्क मिळाला.

आणि त्याने मागितलं काय? सामुराईंनी हाताने काम करावं. पगार अर्धाच मिळणार, नोकरीवरून कुणी जाणार नाही, पण बसून खाणंही यापुढे बंद. १७७२ मध्ये त्याने स्वतः विधिपूर्वक शेतात नांगर धरला. त्यानंतर सामुराई पडीक जमिनी फोडू लागले, पूल बांधू लागले, बांध घालू लागले. ज्या समाजात सामुराईने कुदळ धरणं म्हणजे अब्रू जाणं, तिथे हे केवढं धाडस होतं याची कल्पना करा.

विरोध होणारच होता. १७७३ मध्ये सात वरिष्ठ सरदारांनी मिळून त्याच्यापुढे तक्रारींची लांबलचक यादी ठेवली. मागणी अशी की सुधारणा गुंडाळा आणि कारभारी ताकेनोमाता मासात्सुनाला काढा. योझानने निवृत्त शिगेसादाचा पाठिंबा घेतला, तक्रारी खऱ्या की खोट्या याची इतर अधिकाऱ्यांकडे चौकशी केली, आणि निकाल दिला. दोघांना सेप्पुकू, म्हणजे स्वतःच्या हाताने मरण. बाकीच्यांना नजरकैद आणि जहागिरीत कपात. संत म्हणून त्याची जी मूर्ती रंगवतात, तिच्यात ही दोन प्रेतं सहसा दिसत नाहीत. मला वाटतं ती दिसायला हवीत. 'कुणालाही काढायचं नाही' म्हणणाऱ्या संस्थानातसुद्धा बदल रक्त सांडल्याशिवाय झाला नाही.

पुढची योजना होती झाडांची. १७७५ पासून तुती, लाखेचं झाड (ज्याच्या चिकापासून जपानी रोगण आणि बियांपासून मेण मिळतं) आणि कागदाची साल देणारं झाड, प्रत्येकी दहा लाख लावायची. कागदावर फारच सुंदर योजना! प्रत्यक्षात मेणाचा डाव फसला, कारण पश्चिम जपानातलं दुसऱ्या झाडाचं मेण स्वस्त आणि चांगलं होतं. बाजाराने उत्तर दिलं. १७८२ मध्ये खुद्द ताकेनोमाताला मनमानी आणि उधळपट्टीच्या आरोपाखाली काढावं लागलं. ज्याच्यासाठी दोन सरदार मेले तोच माणूस!

टिकलं ते विणकाम. योनेझावात एका प्रकारचा ताग पिकायचा आणि तसाच कच्चा नाराला, एचिगोला विकला जायचा. कापड तिकडे व्हायचं, नफाही तिकडेच. योझानच्या लोकांनी १७७६ च्या सुमारास एचिगोहून विणकर बोलावले आणि सामुराईंच्या बायकामुलींना माग शिकवला. पुढे तुतीमुळे रेशीम आलं. म्हणजे दरबारी घराण्यातल्या बायकांनी संस्थान सावरलं म्हटलं तरी चालेल. त्यांची नावं कुठल्या पुतळ्याखाली नाहीत.

१७७६ मध्येच त्याने गुरू होसोई हेइशु यांच्या मदतीने कोजोकान ही शाळा सुरू केली. १७८३ पासून तेन्मेईचा भीषण दुष्काळ आला. उत्तर जपानात माणसं लाखांनी मेली. योनेझावात साठवलेलं धान्य होतं, शिवाय साकाता बंदर आणि एचिगोहून तांदूळ विकत आणला, आणि शेजारच्या मानाने तिथे फार कमी जीव गेले. १८०२ मध्ये तर संस्थानाने दुष्काळात काय खाता येईल याची एक पुस्तिकाच छापून वाटली, सुमारे ८० रानभाज्या, त्या कशा उकडायच्या, कशा टिकवायच्या यासकट. प्रती छापल्या १५७५. मी योनेझावाला गेलो तेव्हा जुन्या वस्तीत उकोगी नावाच्या काटेरी झुडपाची कुंपणं पाहिली. कोवळी पानं खुडून भातात घालतात. कुंपणाचं कुंपण, भाजीची भाजी. कडवट लागते, पण चव राहते तोंडात.

१७८५ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आत, योझानने गादी सोडली आणि ती शिगेसादाच्या पोटच्या मुलाला दिली. देताना तीन कलमांचा एक छोटा उपदेश लिहून दिला. आशय असा: राज्य पूर्वजांकडून आलेलं आणि पुढच्यांना द्यायचं आहे, ते स्वतःच्या मालकीचं समजू नये, प्रजाही राज्याची, राजाची खासगी नव्हे, आणि राजा राज्यासाठी व प्रजेसाठी असतो, उलट नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या चार वर्षं आधीचं हे लिखाण. उगाच लोकशाही वगैरे म्हणायला नको, कारण शेतकऱ्याला मत नव्हतंच. पण एका दाइम्योने दुसऱ्याला हे लेखी द्यावं, यालाही मोल आहे.

गादी सोडल्यावर गाडी पुन्हा घसरली. १७९१ मध्ये नोझोकी योशिमासा या कडक कारभाऱ्याला परत बोलावून १६ वर्षांचा नवा आराखडा केला. लोकांच्या सूचनांसाठी पेटी ठेवली, गरीब घरांत मूल जगावं म्हणून मदत सुरू केली. १७९९ मध्ये डोंगर पोखरून पाणी वळवायचं काम सुरू झालं, ते १८१८ मध्ये संपलं. योझान १८२२ मध्ये गेला. कर्ज जवळजवळ फिटलं ते १८२३ मध्ये. १७६७ पासून मोजलं तर ५६ वर्षं. एवढा धीर आज कुठल्या भागधारकाला असेल?

पुढचं थोडक्यात. १८६८ च्या यादवीत योनेझावा शोगुनच्या बाजूच्या उत्तरेकडच्या आघाडीत गेलं, हरलं, मुलूख पुन्हा कापला गेला. १८७१ मध्ये सगळीच संस्थानं संपली. पण माग थांबले नाहीत. कृत्रिम रेशमावरचं जपानमधलं सुरुवातीचं संशोधन याच गावात झालं, आणि १९१८ मध्ये त्यातून आजची तेइजिन ही कंपनी उभी राहिली.

असो. माझं म्हणणं एवढंच. कानेत्सुगुचं कौतुक करताना माणसं राखली म्हणून टाळ्या वाजतात, योझानचं करताना काटकसर केली म्हणून. दोन्ही अर्धी उत्तरं आहेत. माणसं राखायची असतील तर त्यांचा भार कुणाच्या तरी खांद्यावर जातोच. कागेकात्सुच्या वंशजांनी तो मुकाट्याने शेतकऱ्याच्या खांद्यावर राहू दिला. योझानने तो उचलून ज्यांना राखलं त्यांच्याच, आणि थोडा स्वतःच्या खांद्यावर ठेवला. पुढच्या वेळी एखादा मोठा साहेब 'आम्ही कुणालाही काढणार नाही' म्हणाला, तर टाळी जरूर वाजवा, पण बिल कुणाच्या नावावर फाटतंय तेही विचारा.

तुमच्यापैकी कुणी तोहोकू भागात फिरला असाल तर जरूर लिहा. कानाझावाच्या माएदा घराण्याबद्दल कुणी लिहिलं तर वाचायला फारच आवडेल.